आवाजाची नस

९ जानेवारी १९७९, मंगळवार. महाड.

आज पासष्ट पेशंट झाले. लक्षात राहिला एकच. पोलादपूरच्या वर, घाटाच्या कुशीत कुठलीशी वाडी आहे, तिथली रखमा. वय विचारलं तर म्हणाली, "आसंल चाळीस-पंचेचाळीस, लिवा कायबी." गळ्याभोवती पदर घट्ट गुंडाळून बसली होती. पदर सोडायला सांगितला तर लाजली. उजव्या बाजूला चांगल्या मोसंबीएवढी गाठ. थायरॉईडची. श्वासनळी डावीकडे ढकलली गेलेली बोटालासुद्धा कळते.

बरोबर नवरा, महिपत. मुंबईला कारखान्यात होता, सात वर्षांपूर्वी डोळ्यांत तेजाब उडालं. दोन्ही डोळे गेले. खोलीत येताना तिने त्याचा हात धरला नव्हता. ती पुढे चालत नुसती बोलत होती. "हितं उंबरा हाय. आता सपाट. डाव्या अंगाला बाकडं, बसा." आणि तो त्या बोलण्यामागून बिनचूक आला आणि बसला. मी बघतच राहिलो.

गाठ काढायला हवी, हे उघड आहे. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. इथे सोयी नाहीत.

सिस्टर नीला चिठ्ठीवर शिक्का मारताना म्हणते, "सर, परवा आतड्याला पीळ पडलेला पेशंट आपण इथेच केला. तेव्हा सोयी होत्या वाटतं?" जीभ आहे की वस्तरा! चवदार तळ्याजवळ वाढलेली मुलगी. घाबरणं म्हणजे काय हे हिला कोणी शिकवलेलंच नाही. मी म्हटलं, पोट वेगळं, मान वेगळी. त्यावर ती "हो सर" म्हणाली. हिचं "हो सर" मला ओरडण्यापेक्षा जास्त लागतं.


१० जानेवारी

वहीशी तरी खोटं कशाला बोलायचं? सोयी नाहीत ही सबब फार सोयीची आहे, एवढंच.

अडुसष्ट साली पुण्यात हॉस्पिटलात शिकाऊ सर्जन, रजिस्ट्रार होतो. अशीच गाठ, शाळेत शिकवणारी एक बाई. सगळं नीट चाललं होतं आणि शेवटी शेवटी रक्त उसळलं. काही दिसेना. मी घाबरलो आणि त्या रक्तात अंदाजाने चिमटा मारला. रक्त थांबलं. वरिष्ठ म्हणाले, शाब्बास. दुसऱ्या दिवशी बाईंनी तोंड उघडलं तर आवाजाच्या जागी नुसती हवा. चिमट्यात आवाजाची नस सापडली होती. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. रागवायलासुद्धा आवाज लागतो.

त्यानंतर एकही मान उघडलेली नाही. महाडला येऊन इतकी वर्षं झाली. पोटं उघडली, हर्निया केले, अडलेल्या बायका सोडवल्या. गळ्याची गाठ आली की मुंबईची चिठ्ठी. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. घरी बायकोला, हिलासुद्धा नाही. हिला ठाऊक असण्याचं काही कारणही नाही.


२३ जानेवारी, मंगळवार

आली का पंचाईत! रखमा परत आली.

मुंबईला गेली होती. दोन दिवस व्हरांड्यात काढले आणि मे महिन्यातली तारीख मिळाली. वर गर्दीत महिपत चुकला. अर्धा दिवस सापडेना. "म्या कंठ फुटस्तवर हाका मारल्या, डाक्टर. थितं कुनाला आयकू येतंय? शेवटाला पानवाल्याच्या फळीखाली बसलेलं गावलं." मुंबईला पुन्हा जाणार नाही म्हणते. मे महिना कोणी बघितलाय?

खरं म्हणजे तिला मेपर्यंत थांबता येणारच नाही. पंधरा दिवसांत गाठ वाढली आहे. मी तिला टेबलावर आडवं केलं तर श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. आठ दिवस भिंतीला टेकून बसून झोपते आहे.

"तुला परत इथे यायला कोणी सांगितलं?" मी विचारलं. तिने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, "मुंबईत नाही जमलं तर मंगळवारी या, असं मी म्हटलं होतं सर. मंगळवारी आपल्याकडे गर्दी कमी असते." मंगळवारी गर्दी कमी? नऊ तारखेला पासष्ट होते! सिस्टर कामाला चोख आहे, पण हिशेबात अगदीच कच्ची.

जेवायला घरी आलो तर अंगणात माझं शरीररचनेचं जुनं पुस्तक उन्हात ठेवलेलं. "वाळवी लागेल म्हणून काढलं," ही म्हणाली. वाऱ्याने पानं उलटून नेमकं मानेचं चित्र वर आलं होतं. त्याच्यावर हिने वारा नको म्हणून खलबत्त्याचा बत्ता ठेवला होता.

योगायोग म्हणतात तो असा. दुपारी गेलो आणि रखमाला हो म्हणून बसलो. हात दाखवून अवलक्षण.


२५ जानेवारी

दोन दिवस पुस्तक घेऊन बसलो आहे. कॉलेजातसुद्धा इतकं वाचलं नव्हतं.

पहिली गोष्ट, भूल. भूल देणारा डॉक्टर मुंबईहून आणावा लागेल आणि तो आला तरी ही वाकडी झालेली श्वासनळी बघून त्यालाच घाम फुटेल. म्हणजे मानेत इंजेक्शनं देऊन जागा बधिर करायची, बाई जागी. आणि यातच एक फायदा आहे. बाई जागी म्हणजे बोलती. तिला बोलतं ठेवायचं. जोवर आवाज खणखणीत येतो तोवर नस शाबूत.

आता ती नस. हिच्यासारखी आडमुठी नस शरीरात दुसरी नाही. आवाजाच्या पेटीला जायचं, तर पेटीवरून खाली उतरते, मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि परत वर येते. म्हणजे महाडहून पोलादपूरला जायचं तर आधी माणगाव गाठायचं! वर येताना श्वासनळी आणि अन्ननळी यांच्यामधल्या खोबणीतून येते. तिथे शोधायची. थायरॉईडची खालची धमनी तिला आडवी जाते, पण कधी नस धमनीच्या पुढून, कधी मागून, कधी फांद्यांतून. धमनीच्या भरवशावर राहील तो फसेल. त्यापेक्षा थायरॉईडच्या मागच्या अंगाला एक छोटा उंचवटा असतो, तो हलकेच उचलला की बहुतेकदा नस त्याच्या मागे लपलेली सापडते. आणि सगळ्यात वाईट जागा म्हणजे थायरॉईडला श्वासनळीशी बांधून ठेवणारा तो चिवट पट्टा. तिथे नस अगदी चिकटून जाते आणि नेमकं तिथेच रक्त येतं. मी पुण्याला तिथेच पराक्रम केला होता.

शिवाय वरच्या टोकाला दुसरी एक नस आहे, केसाएवढी. तिच्याकडे आम्ही तेव्हा लक्षही देत नसू. ती आवाजाचे पडदे ताणते. खालची नस गेली तर बोलणं जातं. वरची गेली तर बोलणं राहतं, पण हाक जाते. म्हणून वरच्या रक्तवाहिन्या घाऊक बांधायच्या नाहीत. एकेक सुटी करून, थायरॉईडला अगदी लगटून बांधायची.

घाटातल्या बाईची हाक गेली तर राहिलं काय? आणि त्या महिपतचं काय?


२८ जानेवारी, रविवार

खाटकाकडून बोकडाची मान आणली. नळा आणि त्याच्या बाजूचं काहीही कापायचं नाही, अशी ताकीद देऊन. तो म्हणाला, "साहेब, त्यात खायला काय आहे?" मी म्हटलं, बघायला आहे. आता गावभर होणार.

मागच्या पडवीत पाटावर घेऊन बसलो. दोन तास गेले. नस सापडली! पांढुरकी, दोऱ्यासारखी, आणि तिच्या अंगावरून एक बारीक लाल रेघ गेलेली. आजूबाजूचे तंतू ओढले की ताणतात, ही ताणत नाही. बोटाने नळ्यावर दाबली की सतारीच्या तारेसारखी बोटाखालून सटकते. हे पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही.

ही दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा पातेलं घेऊनच आली. "सापडली का तुमची नस? सापडली असेल तर द्या इकडे, रस्सा करते. चांगलं मटण सुकवू नका."

रस्सा झणझणीत झाला होता. पण प्रत्येक घासाला मी चाचपून बघत होतो.


१ फेब्रुवारी

चौथी मान. आज वीस मिनिटांत नस सापडली. खाटीक आता मला बघितल्याबरोबर सुरी खाली ठेवतो. हिने सांगितलंय की आठवडाभर घरात शाकाहार.


५ फेब्रुवारी, सोमवार

रखमाला दाखल करून घेतलं. ऑपरेशन उद्या सकाळी आठला, पूर्वेच्या खिडकीतून ऊन येतं तेव्हा.

तिला समजावलं. "मान बधिर असेल, दुखणार नाही. पण तुम्ही सारखं बोलत राहायचं. गप्प बसायचं नाही."

"काय बोलू?"

"काहीही. म्हशींचं बोला, जावांचं बोला. मी मधेमधे विचारीन, त्याचं उत्तर द्या."

ती हसायला लागली. "आईकलंत का अवो! सगळी वाडी म्हनते रखमा गप बसंल तर बरं, नि डाक्टर म्हनतात बोल."

महिपत हसला नाही. ती आत गेल्यावर त्याने माझा हात चाचपून धरला. "डाक्टर, येक इचारू? आवाज ऱ्हाईल ना?"

मी काय सांगणार? देवाचं नाव घेऊन मोकळं होता आलं असतं. म्हटलं, "महिपतराव, त्याच्यासाठीच पंधरा दिवस धडपडतोय. हमी देता येत नाही."

त्याने हात सोडला नाही. "मग दम आदी. दम ऱ्हायला पायजे. आवाज नंतर." हे म्हणताना त्याचा स्वतःचाच आवाज फुटला. पुढे म्हणाला, "मला आयकू येईल आसं बसवा."

मी साफ नाही म्हटलं. ऑपरेशन चालू असताना नातेवाइकांचा घोळ नको. तो बिचारा बरं म्हणाला.

आता सहा वाजलेत. हिने विचारलं, भूक नाही का? मी म्हटलं, दुपारचं जेवण जड झालं. दुपारी जेवलोच नव्हतो. ही "बरं" म्हणाली आणि दहीभाताची ताटली वहीशेजारी ठेवून गेली.


६ फेब्रुवारी, मंगळवार

सगळं नीट लिहून ठेवतो.

साडेसातला ऑपरेशन-खोलीच्या खिडकीबाहेर बघतो तो काय, व्हरांड्यातलं बाकडं नेमकं खिडकीखाली आणि त्यावर महिपत, काठी दोन गुडघ्यांत धरून. कोणी आणलं बाकडं? सिस्टर म्हणाली, झाडायला सरकवलं असेल. वाद घालायला वेळ नव्हता.

माझ्या समोर सिस्टर. उशाशी कंपाउंडर जानू, रखमाची नाडी धरून. हा जानू माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहे आणि आजवर त्याने कधी घाई केलेली नाही. म्हणून त्याला तिथे उभा केला. रखमाच्या तोंडावर आडवा पडदा होता, म्हणजे तिचा चेहरा जानूला दिसत होता, मला नाही.

मान बधिर केली. छेद घेतला. आणि बाई जी सुरू झाली! म्हैस व्याली, पारडू झालं, ते थोरल्या जावेच्या नजरेने आजारी पडलं. वरईला यंदा उंदीर लागले. जानू हुंकार देत होता. मी वरच्या टोकाला पोचलो, एकेक रक्तवाहिनी सुटी करून लगटून बांधली आणि म्हटलं, "रखमाबाई, गुरांना हाक मारता तशी हाक मारा." तिने "हूऽऽ" केलं. मान उघडी असताना! बारीक, उंच, स्वच्छ. वरची नस वाचली. माझा अर्धा जीव भांड्यात पडला.

मग खालचा भाग. गाठ मोठी, आतून सगळं ओढलं गेलेलं, पुस्तकातल्या चित्राशी काडीचा संबंध नाही. खोबणीत बघितलं, नस दिसेना. धमनी दिसली, तिच्यापुढे नाही, मागे नाही. तो उंचवटा शोधत गाठ जरा उचलली आणि चिवट पट्ट्यापाशी फटकन रक्त आलं. खड्डा भरला. काही दिसेना.

तीच जागा. तेच रक्त. आणि माझ्या हातात चिमटा होता. सिस्टरने दिला नव्हता. मीच उचलला होता. हात आपोआप खाली चालला होता.

सिस्टरने एक शब्द न बोलता माझ्या दुसऱ्या हातात कापसाची घडी ठेवली. बस, एवढंच. मी चिमटा खाली ठेवला आणि घडी दाबून धरली. पाच मिनिटं, घड्याळ लावून. रखमाला म्हटलं, आता जरा गप्प राहा, हलू नका. पाच मिनिटं म्हणजे किती असतात ते मला आज कळलं.

घडी उचलली. रक्त थांबलं होतं. पण मी दाबलं होतं ते नेमकं कशावर? आवाज ऐकल्याशिवाय कळणार नव्हतं. "रखमाबाई, बोला आता," मी म्हटलं. ती काहीतरी विचारायची वाट बघत असावी. माझ्या डोक्यात काही येईना. जे सुचलं ते विचारलं, "नवऱ्याचं नाव सांगा."

शांतता.

"बाई, नवऱ्याचं नाव. मोठ्याने."

काही नाही. मी जानूकडे पाहिलं. जानू म्हणाला, "ओठ घट्ट मिटून घेतलेत साहेब. डोळे पण."

नस गेली. पुन्हा गेली. दहा वर्षं मान उघडली नाही आणि उघडली तर हे! "सर, ती ते—" सिस्टर काहीतरी सांगू लागली. मी ओरडलो, "गप्प बसा!" "सर, दुसरं काही विचा—" "सिस्टर, गप्प बसा म्हणतोय ना!" ती गप्प बसली. खोलीत सगळेच गप्प. म्हशी, जावा, वरई, सगळं बंद.

बाहेर काठी वाजली. महिपत उठला होता. सकाळपासून खिडकीतून बायकोची बडबड ऐकत बसलेला तो माणूस. बडबड थांबली, डॉक्टर ओरडला. तो काय समजणार? काठी टकटक करत दाराकडे यायला लागली. व्हरांड्यातून दाराकडे यायचं तर मधे दोन पायऱ्या आहेत, खाली फरशी.

आणि पडद्याआडून, उघड्या मानेची ती बाई कडाडली, "अवो! पायरी हाय थितं! कुटं निघालात? बसा खाली! बसाऽऽ!"

जानूच्या हातून नाडी सुटली. मला वाटतं हा आवाज बाजारपेठेपर्यंत गेला असेल. काठी थांबली. बाहेरून बारीक आवाज आला, "बसतो, बसतो."

मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं बहुतेक. सिस्टरने जानूकडून माझ्या कपाळावरचा घाम पुसवून घेतला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "सर, ती नवऱ्याचं नाव घेत नाही. तेच सांगत होते."

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही! माझ्या आईने जन्मात कधी वडिलांचं नाव घेतलं नाही. रेशनकार्डाच्या वेळी मला पुढे करायची. इतका शहाणा डॉक्टर आणि नको ती वेळ बघून नको तो प्रश्न विचारला. "रखमाबाई, चुकलं माझं," मी म्हटलं. पडद्याआडून उत्तर आलं, "आता नका इचारू म्हंजे झालं. मला वाटलं म्या मेले तरी तुमी आयकनार नाय."

मग हात असा शांत झाला की विचारू नका. गाठ हलकेच पुढे वळवली. उंचवट्याच्या मागे, धमनीच्या दोन फांद्यांमधून, नस. पांढुरकी, अंगावर बारीक लाल रेघ. तिथून वर कूर्चेखाली शिरेपर्यंत सबंध दिसली. तिला नमस्कार करावासा वाटला, हातमोज्यांत होतो म्हणून राहिलं. तिच्यावर नजर ठेवून पट्टा कापला आणि गाठ बाहेर आली. शेवटचा टाका घालेपर्यंत रखमा थोरल्या जावेला शिव्या देत होती. इतकं गोड मी कधी काही ऐकलेलं नाही.

बाहेर आलो तर ही चहा घेऊन उभी. ही म्हणाली, "दहा वर्षांनी मान उघडलीत." दहा हे हिला कसं ठाऊक? दवाखान्याची रजिस्टरं ही लिहिते, त्यातून काढलं असणार. हुशार आहे.

सिस्टरवर ओरडलो त्याची माफी मागितली. ती म्हणाली, "हो सर." या वेळी लागलं नाही.


७ फेब्रुवारी

रखमाचा आवाज बसला आहे. घोगरा, तुटका. सकाळी "पानी" म्हणाली तेव्हा माझ्या काळजाचं पाणी झालं.

सूज असेल. नळ्याभोवती हात लागला, सूज येणारच. काल शेवटपर्यंत बोलत होती, नस डोळ्यांनी बघितली. पण डोळ्यांनी बघून काय होतं? ताण बसला असेल तर? दाबताना चेमटली असेल तर? दिवसभर दर तासाला काही ना काही निमित्त काढून तिच्या खाटेशी गेलो. पाचव्या वेळी ती कुजबुजली, "डाक्टर, तुमीच झोपा जरा."

श्वास मात्र छान चालला आहे. काल रात्री तीन आठवड्यांनी आडवी झोपली. महिपत खाटेजवळ जमिनीवर बसून आहे.


८ फेब्रुवारी

राहवेना. कपाळाला दिवा बांधला, छोटा आरसा स्पिरिटच्या दिव्यावर गरम केला आणि तिची जीभ धरून आरसा घशात घातला. "ई म्हणा." तिला उमासे आले, मला शिव्या बसल्या असत्या पण जीभ माझ्या हातात होती. तिसऱ्या खेपेला दिसलं. आवाजाचे दोन्ही पडदे. सुजलेले, लालसर, पण "ई" म्हटल्याबरोबर दोन्ही सरकन जवळ आले, श्वास घेतल्यावर दूर झाले. दोन्ही!

मी तिथेच स्टुलावर बसलो आणि हसत सुटलो. महिपत दचकला. म्हटलं, "महिपतराव, राहिला आवाज. सूज उतरली की पहिल्यासारखा." त्याने हात जोडले नाहीत की काही नाही. नुसती मान खाली घालून काठीवर कपाळ टेकलं आणि कितीतरी वेळ तसाच बसला. सिस्टर डोळे पुसत बाहेर गेली. मीही गेलो.

दुपारी तुडुंब जेवलो. आठवडाभराचं.


१४ फेब्रुवारी

टाके काढले. जखम सुरेख जुळली आहे. आवाज अजून जाडा, पण मोकळा. एसटीत बसताना ती पुढे, "हितं दांडी हाय. पाय उचला. आता आत." आणि तो मागून. कंडक्टर म्हणाला, चला चला, घाई करा. मी त्याला असा दटावला की तो बिचारा उतरून उभा राहिला.


२५ मार्च, रविवार

रखमा तपासणीला यायची ती आलीच नाही. दोन आठवडे वाट पाहिली. सिस्टर म्हणाली, बरं वाटलं की कोण येतंय सर? पण मला चैन पडेना. आज सकाळी पोलादपूरला गेलो आणि तिथून चढलो. सव्वा तास. वयाने आपलं म्हणणं मांडलं.

वाडीखाली ठिकठिकाणी राब भाजत होते, भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पाला पसरून जाळत होते. सगळ्या उतारावर धूर. वाडी दिसण्याआधीच वरून आवाज आला. उंच, मोकळा, डोंगरावर आपटून परत येणारा. "अवोऽऽ! बांध आला! डाव्या अंगानं या!"

मी होतो तिथे थांबलो. कान म्हणजे काय ते आज कळलं. वरची नस, खालची नस, सगळ्या जागच्या जागी. एकटाच होतो म्हणून लिहायला हरकत नाही, डोळे भरून आले. पुण्याच्या त्या बाईंचा आवाज यामुळे परत येणार नाही, हेही कळत होतं. तरी छातीवरचं ओझं हललं.

थोडा वर गेलो तर खालच्या शेतात महिपत दिसला. डोक्यावर पाल्याचा भारा, काठी काखेत. काठी टेकतसुद्धा नव्हता. धूर, दगड, बांध, यांतून सरळ चालत आला आणि पुढच्या बांधाशी, वीतभर आधी, थांबला. नुसता उभा. वर घराशी रखमा काहीतरी पाखडत होती. तिचं लक्ष गेलं, तिने हाक मारली, "बांध हाय!" आणि मग याने पाय उचलला.

मी गाठला त्याला. "महिपतराव, वाट तर तुम्हाला पाठ दिसतेय."

"कोन, डाक्टर? या, या. पाठ हाय की. ह्याच वाटनं ल्हानाचा मोठा झालो. डोळं गेलं, पाय थोडंच गेलं?"

"मग बांधाशी थांबलात कशाला?"

"तिची हाक आली नव्हती."

मला तिडीकच आली. "अहो, मग आधी सांगायचंत! तुम्ही तिच्या आवाजावर चालता, आवाज गेला तर तुमचं काय होईल, म्हणून मी दिवसचे दिवस बोकडाच्या माना फोडत बसलो होतो!"

तो हसला. "मी कुटं म्हनलो, मला चालता येत नाय म्हनून? म्हाडात, मुंबैत लागते तिची हाक. हितं नाय लागत." मग जरा जवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "तिला बोलू नका हां. सात वर्सं झाली, तिला ठाव नाय."

वरून रखमाने ओरडून विचारलं, कोन हाय संगं? तो म्हणाला, डाक्टर. तर लगेच, "त्यास्नी बी सांगा, बांध हाय!"

गळा तपासला. उत्तम. आंबील प्यायलो, वरईचा भात खाल्ला, आणि उतरलो.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. म्हटलं, बघ, कमाल आहे माणसाची. वाट पाठ असून उगाच खोळंबून राहायचं, हे कसलं शहाणपण? ही इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "तुमची नस शोधणं फार चांगलं आहे हो, तेवढंच करा." आणि आत गेली. यात हसण्यासारखं काय होतं, ते मला समजलं नाही.

पानं मांडल्याचा आवाज केव्हाच आला. भाताची वाफसुद्धा इथपर्यंत आली आहे. भूक सपाटून लागली आहे, डोंगर चढून उतरलो. पण हिने अजून हाक मारलेली नाही. म्हणून लिहीत बसलो आहे.